माठाखालची ताटली

१

झाडांची हौस असलेल्या बायका मला लांबून ओळखू येतात. त्या दुसऱ्याच्या घरी चहाला येतात आणि निघताना कुंडीतली एखादी फांदी मोडून पर्समध्ये टाकतात. मी त्यातली नव्हते. खांदेश्वरच्या आमच्या घरात हिरवं म्हणाल तर फ्रीजमधली कोथिंबीर, आणि तीही बहुतेक वेळा पिवळी पडलेली.

झाडं आली ती आईच्या तहानेपायी.

माझी आई केशरबाई. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. त्या आजारात खाण्याचे हाल असतात असं ऐकून होते. खरे हाल पाण्याचे असतात, हे दुखणं घरात आल्यावर कळलं. प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही. ते अंगात साठतं, पाय सुजवतं आणि मग छातीत चढतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवसाला एक छोटी बाटली, चहा आणि आमटी त्यातच धरायची. त्याच्या वर गेलं तर माणूस पलंगावर बसल्या बसल्या बुडतो.

त्या दिवसापासून मी घरातल्या पाण्याची पहारेकरी झाले. मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून आहे. नियम पाळून घेणं माझ्या हाडीमासी खिळलेलं आहे, आणि तोंड म्हणाल तर तिखट. आई दात घासायला गेली की मी बेसिनपाशी उभी. चूळ भरताना तिचा गळा हलला की मी ओरडणार. एकदा ओला टॉवेल चोखताना तिला पकडलं तेव्हा दोघी पोट धरून हसलो, आणि मग मी आत जाऊन रडले.

"संघू, येवढं पाणी तर चिमणीलाबी पुरत नाही माय," ती बाटली उजेडात धरून म्हणायची.

"चिमणीला डायलिसिस नसतं, आई."

स्वयंपाकघरात तिचा माठ होता. लग्नानंतर परभणीकडचं गाव सोडून ती बाबांबरोबर इकडे आली, तेव्हा तुर्भ्याच्या रस्त्यावरून तिनं पहिली वस्तू घेतली ती हा माठ. घरात फ्रीज आला, फिल्टर आला, तरी माठ हलला नाही. आता मात्र तो नुसता नजरेला पडला तरी तिची तहान चाळवायची. शेवटी एका सकाळी मी तो रिकामा करून पालथा घातला. आई दिवसभर पालथ्या माठाकडे बघत बसली.

२

आमच्या समोरच्या दारातल्या मालतीबाई इथल्याच, जवळच्या आगरी गावातल्या. त्यांच्या खिडकीत जंगल आहे. "आईला बघायला कायतरी होईल," म्हणत त्यांनी मनी प्लांट, पुदिना आणि कोरफडीचं एक पिल्लू आणून दिलं. चौथं रोप आईनं स्वतः मिळवलं. बिल्डिंगच्या मागच्या बाजूला ड्रेनेजच्या पाइपाला चिकटून ते उगवलं होतं, आणि सोसायटीनं ते काढायला माणूस लावला होता. आईनं खिडकीतून त्याला हाका मारून मारून रोप मुळासकट वर आणायला लावलं. दोन पानांचा पिंपळ.

"घरान पिंपल?" मालतीबाई चरकल्या.

"आमच्यात तो बोधी," मी म्हटलं. "आम्हाला त्याची भीती नाही."

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की त्याला माठातच लावावं. माठ टाकवत नव्हता, ठेववत नव्हता. त्याची कुंडी करणं हाच शहाणपणा. मी तो पाण्यात भिजवून घेतला आणि खिळ्यानं टुक टुक करत बुडाला भोक पाडलं. भोक आरपार गेलं तेव्हा आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मालतीबाई दारातच थांबल्या. "अगो, भोकाचं मडकं घरान ठेवत नाय. ते कवा लागतं, ठाव नाय तुला?"

स्मशानातली रीत, ठाऊक कसं नसणार? पण बाबांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, की भीती वाटली तर आधी कारण शोधायचं, आणि कारण सापडलं नाही तर भीती सोडून द्यायची. ज्या रीतींनी आमच्या माणसांना गावाबाहेर ठेवलं, त्या रीती मी माझ्या हॉलमध्ये कशाला आणू? मडक्याला भोक पाडलं की त्याची कुंडी होते, एवढंच मला माहीत होतं.

माठाचं बूड गोल, म्हणून तो जुन्या लोखंडी तिवईवर ठेवला. खाली फरशीवर स्टीलची ताटली. भोक आणि ताटली यांच्यामध्ये वीतभर मोकळी हवा, काय गळतंय ते बसल्या जागेवरून दिसावं अशी. हॉलच्या खिडकीपाशी, आईच्या पलंगाच्या अगदी समोर मी ते सगळं मांडलं. मला माझंच कौतुक वाटलं.

३

पाणी घालायचा धडा मालतीबाईंनी दिला.

"बोट घाल मातीन. ओलं लागलं तर नको घालू. सुकं लागलं तर कडंकडंनी, हलूहलू. खाली पानी उतरलं का थांब. ती झाडाची ढेकर."

ढेकर हा शब्द मला फार आवडला. रोज ऑफिसला निघण्याआधी मी तांब्या घेऊन फिरायची. मनी प्लांट घाईचा, दोन घोटांत ढेकर देणारा. पुदिना हावरट. कोरफड म्हणजे रुसलेली आत्या, तिला काही विचारायचंच नाही. मग शेवटी माठ. माठाला मी पाणी घालायची, मान वाकवून ताटलीकडे बघायची, आणि ताटली कोरडी.

सुरुवातीला मी म्हटलं, माठ आहे, माती पाणी पिणारच. मग म्हटलं, कोकोपीट घातलंय, ते पाणी धरून ठेवतं. मग एका सकाळी अख्खा तांब्या ओतला. ताटली कोरडी. दुसरा ओतला. ताटलीत धूळ होती आणि त्या धुळीतून एक मुंगी अगदी सावकाश चालली होती.

मी मातीत बोट घातलं. नुकतं दोन तांबे पाणी प्यालेली माती दुसऱ्या पेरापर्यंत भुसभुशीत कोरडी होती.

फरशीवर आडवी पडून मी खालून भोकाकडे पाहिलं. माती गळू नये म्हणून आतून भोकावर बसवलेली खापरी दिसली, तिच्या कडेनं एक पांढरं मूळ डोकावत होतं. थेंब नाही. ओलसुद्धा नाही. खालच्या मजल्यावर मिथुन म्हणून एक तरुण राहतो, त्याला जाऊन विचारलं की छताला ओल आलीय का. त्यानं माझ्यासमोर स्टुलावर चढून छतावर हात फिरवला. "एकदम ड्राय हाय ताई. टेन्शन नका घेऊ."

पिंपळ मात्र मजेत होता. एवढ्या पाण्यानं रोप कुजतं, असं मालतीबाई सांगत होत्या आणि माझ्या रोपाला तांबूस, कोवळं, लकाकतं तिसरं पान फुटत होतं.

तांब्याभर पाणी जातं कुठे, हा काही मोठा प्रश्न नाही. पण साध्या प्रश्नाला उत्तर मिळेना झालं की आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागतं. मी माठाजवळून जाताना पाय न वाजवता जायला लागले.

४

एका रविवारी सकाळी सोसायटीचं पाणी गेलेलं होतं, त्यामुळे पंप बंद. टीव्ही बंद. आई पलंगावर डोळे मिटून पडलेली. घर इतकं शांत होतं की तांब्यातून धार पडल्यावर मातीचा चुर्र आवाज मला ऐकू आला. मग तोही थांबला. मी कंबर सरळ करायला लागले, आणि तेव्हा तो दुसरा आवाज आला.

पाणी पडत होतं. फार उंचावरून, फार खोल, दगडाला दगड लावून बांधलेल्या कशात तरी. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. माठाखाली तिवई, तिवईखाली फरशी, फरशीखाली मिथुनचा हॉल. आणि ते पाणी त्या सगळ्याच्या कितीतरी खाली पोचत होतं.

मी बूड आणि ताटली यांच्यामधल्या हवेत हात घातला. तळवा कोरडाच राहिला, पण त्याला गारवा लागला. भर उन्हाळ्यात आडाच्या काठावर वाकलं की तोंडाला येतो तसा. ओल्या दगडाचा वास होता त्याला.

मग आवाज बदलला. पडणारं पाणी आता कुठेतरी अडत होतं, आणि त्याच्या मधोमध घटाघटा असा छोटा, घाईचा आवाज येत होता. शाळेतून पळत आलेलं पोर पितं तसा.

"हळू वत," आई डोळे न उघडता म्हणाली. "ठसका लागतो."

माझा हात जागीच राहिला. "कुणाला?"

"तिला."

मी तिच्या पलंगावर जाऊन बसले. आईचं गाव मी पाहिलेलं नाही. ती तिथलं फारसं कधी बोलायची नाही, आणि आम्हीही उकरून काढायचो नाही. काही जखमांना खपली धरलेली बरी असते. त्या दिवशी ती आपणहून बोलली, छताकडे बघत.

"गावात आड व्हता. आम्ही शिवायचं नाही. खाली ओंजळ धरून बसायचं. कुणी वाडलं तर वरनं वाडायचं. वर बघायचं नाही, मान खाली घालून प्यायचं." तिनं दोन्ही तळवे पोटावर जुळवले. "येकदा उन्हाळ्यात म्या येकलीच व्हते. लई तहान. येक बाई वाडायला लागली. दोन घोट झाले नाही तर तिला कुणीतरी हाक मारली. तिनं हात थांबवला, घागर उचलली अन् गेली. रागानं नाही गं. ध्यानातच ऱ्हायलं नाही तिच्या, की खाली कुणी पितंय."

"मग?"

"मग काय. येईल परत म्हणून बसले."

"आणि?"

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत दुखणं नव्हतं, तक्रार नव्हती. कुणी बसस्टॉपवर उभं असावं तसं साधं होतं ते बघणं.

"आजून बसलेच हाय की," ती म्हणाली.

५

त्या दिवसांत आईची तहान कमी झाली होती. बाटली अर्धी उरायची. चूळ भरून ती सगळं पाणी मुकाट थुंकायची. मी खूश. मला वाटलं, झाडांनी मन रमलं.

मग हॉस्पिटलात काट्यावर तिचं वजन वाढलेलं निघालं. पुढच्या वेळी आणखी वाढलं. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा. तिथली सिस्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही लपून पाणी देताय का आईंना? प्रेमानं माणूस मारायचाय का?"

मला, पहारेकरणीला, हे ऐकावं लागलं! रिक्षात मी आईवर तुटून पडले. नळ कधी उघडलास, कुणी दिलं, मालतीबाईंनी दिलं का. आई ऐकत राहिली. घराच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागली, ती कठड्याला धरून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "म्या येक थेंब चोरला नाही. तूच तर वाडतीस रोज."

मी एक पायरी खालीच थांबले आणि मनात दिवस मोजले. ज्या दिवसांत मी माठात एकाच्या जागी दोन तांबे ओतले, त्या दिवसांनंतरच काटा वर गेला होता. हे मला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

बाबांच्या शिकवणीप्रमाणे मी कारण शोधायला निघाले. माठाचं पाणी बंद केलं. बाकीच्या कुंड्यांना घालायची आणि माठाला वळसा घालून पुढे जायची. पुढच्या डायलिसिसला आईचं वजन कमी. त्याच्या पुढच्याला अगदी हवं तेवढं. डॉक्टर म्हणाले, शाब्बास.

पण घरात आईची तहान परत आली, आणि ती पूर्वीची तहान नव्हती. तिची जीभ टाळूला चिकटायची, शब्द अर्धे बाहेर यायचे. ओठांना भेगा पडल्या. मी बर्फाचा खडा द्यायची, लिंबाची फोड द्यायची, ती मान हलवायची. बाटली पुरी प्यायली तरी काही होत नाही म्हणायची, पाणी दुसरीकडेच कुठेतरी जायला हवंय म्हणायची. पिंपळाची पानं खाली झुकली.

आणि हॉल बदलला. आवाज नव्हता. आवाज असता तर बरं झालं असतं. दाराशी कुणीतरी येऊन उभं आहे, बेल वाजवत नाही, आपण उघडू या भरवशावर नुसतं उभं आहे, असं कधी वाटतं ना? तसं मला माठाच्या बाजूनं वाटत राहायचं. मी पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या करताना, फोनवर बोलताना. कुणीतरी फार समजूतदारपणे वाट बघत होतं. त्या समजूतदारपणाची मला भीती वाटायला लागली.

६

सुट्टीची दुपार होती. कडक ऊन, खिडकीचा पडदा ओढलेला, आई ग्लानीत पडलेली. मी ठरवलं, बस झालं. पिंपळ काढून प्लास्टिकच्या कुंडीत लावायचा आणि माठ खाली कचऱ्याच्या गाडीत टाकायचा. मुळांना ओल हवी म्हणून तांब्या भरून शेजारी ठेवला. पडद्याची एक बाजू सारली, दोन्ही हात मातीत घातले आणि रोप मुळांच्या गोळ्यासकट अलगद वर उचललं.

गोळा मोकळा झाला. मी तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि आत पाहिलं, खापरी काढून घ्यायला.

खापरी नव्हती. बूड नव्हतं.

खाली दगड होते, गोलाकार, एकाखाली एक, काळे, ओलसर. ते किती खाली जात होते ते मला सांगता येणार नाही. नजर जाईल तिथपर्यंत जात होते, आणि नजर फार दूर जात होती. सगळ्यात खाली ऊन होतं. इथलं नव्हे. पांढरं, धुळीचं, कडक ऊन, जसं काही मी कुठल्यातरी दुसऱ्या दुपारच्या छपरावरून आत वाकून बघत होते.

त्या उन्हात दोन हात होते.

लहान हात. एकमेकांना घट्ट चिकटवलेले, बोटांमध्ये फट राहू नये म्हणून करंगळ्या आत ओढलेल्या. ओंजळ कोरडी होती. तिच्यात धूळ बसली होती. डाव्या मनगटावर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते, नुकते गोंदलेले, अजून ठसठशीत. आईच्या मनगटावर तेच ठिपके आता फिकट पडून सुरकुत्यांत मिसळले होते. डायलिसिसची सुई टोचताना मी दर वेळी तिकडेच बघायची. हातांच्या मागे खाली घातलेली मान होती, आणि तेल नसलेल्या केसांचा भांग. चेहरा वर आला नाही. वर बघायचं नसतं हे तिला शिकवलेलं होतं.

मला भीती वाटली, हे खरं आहे. पण भीती पुरेना. कार्ल्याच्या लेण्यात शिरल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो, पायातली चप्पल कधी काढली ते आठवत नाही, तसं काहीतरी मला झालं. इतकी वर्षं. या शहरातल्या इमारती उभ्या राहिल्या, मी जन्मले, शिकले, बाबा गेले, आणि ती ओंजळ खाली आली नव्हती. एवढा भरवसा कुणी कुणावर ठेवतं का? आणि जिच्यावर ठेवला होता तिला हाक आली म्हणून ती निघून गेली होती.

मग मला समजलं की मी कुठे उभी आहे. वर मी होते. माझ्या हाताशी भरलेला तांब्या होता.

ओतलं तर ते पाणी आईच्या छातीत चढणार. नाही ओतलं तर मी ती बाई. मी तांब्या उचलला, माठाच्या तोंडावर धरला, आणि माझा हात पुढेही जाईना, मागेही येईना. पलंगावर आईचा श्वास खरखरत होता. खाली तिची ओंजळ तशीच होती. एकाच माणसाला वाचवायला दुसरीकडून त्याच माणसाला तहानलेलं ठेवायचं, हे गणित मला सुटेना. माझ्या डोळ्यांतलं पाणी माठात पडलं. खाली एका बोटाची किंचित हालचाल झाली.

"दिसली का?" मागून आई म्हणाली.

ती उठून बसली होती.

"दिसली."

"मग थांबलीस काहून?"

"आई, तू बुडशील गं." मी रडतच बोलले. "मी कसं घालू?"

आईनं ओठांवरून जीभ फिरवली. 

"तुझं पाणी जास्तीचं हाय," ती म्हणाली. "ते नको. माझी बाटली आण. माझ्या वाट्याचं म्या वाडते."

७

मी बाटली आणली. सकाळपासून तिनं तिच्यातलं गोळीपुरतंच घेतलं होतं. एका हातानं तिला कंबरेत धरून मी माठापाशी नेलं. तिचं वजन ते काय, पण ती त्या माठावर वाकली तेव्हा मला ती फार उंच वाटली. जन्मात पहिल्यांदा ती आडाच्या वरच्या बाजूला उभी होती.

तिनं झाकण काढलं आणि बारीक धार सोडली. मी आत बघितलं नाही. मी आईकडे बघत होते.

खोल कुठेतरी पाणी हातात पडल्याचा आवाज आला. मग घटाघटा. आईचा स्वतःचा गळा त्याच तालावर हलत होता. चूळ भरताना जो गळा हलला की मी ओरडायची, तोच.

"पी बाई," आई खाली म्हणत होती. "घाई नको. म्या कुठं जात नाही. पी."

मध्येच दाराची बेल वाजली. "केसरबाय, हाय का?" मालतीबाईंची हाक आली, एकदा, दोनदा. मी आईकडे पाहिलं. तिनं मान वळवली नाही. धार जशीच्या तशी राहिली, बाटली पुरती रिकामी होईपर्यंत. शेवटचा थेंब पडल्यावरही ती हात तसाच धरून थोडा वेळ उभी राहिली.

मग मला म्हणाली, "ध्यानात ठेव. वाडताना कुणाचीबी हाक येऊ दे, अर्ध्यावर हात थांबवायचा नाही."

आम्ही दोघींनी मिळून पिंपळ परत माठात बसवला. आईचे ओठ ओले होते. मी बोट लावून बघितलं. तिला विचारलं, तहान लागलीय का, तर ती लहान मुलीसारखी पोटावर हात ठेवून नाही म्हणाली.

पुढच्या डायलिसिसला मी काट्याकडे बघायचं टाळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. सिस्टर म्हणाली, "बरोबर आहे वजन. आता कसं शहाण्यासारखं वागताय!"

तेव्हापासून आई रोज सकाळी आपली बाटली माठात ओतायची, स्वतःच्या हातानं, आणि दिवसभर पाणी मागायची नाही. ताटली कोरडी राहायची. मी पहारा सोडला. दोघी खिडकीपाशी बसून पिंपळाची पानं मोजायचो, आणि कोरफडीच्या नाकावरच्या रागाला हसायचो. कारण मी शोधलं नाही. बाबा असते तर काय म्हणाले असते, ठाऊक नाही. बहुतेक तेही माठापाशी पाय न वाजवता चालले असते.

पावसाळा सरता सरता आई झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. छातीत पाणी अजिबात नव्हतं. तिचे ओठ सुकलेले नव्हते. भन्तेजी आले, वंदना झाली, माणसं आली आणि गेली. मालतीबाई रोज डबा घेऊन यायच्या. माठाकडे एकदा बघायच्या आणि कालचा डबा घेऊन जायच्या.

सगळे पांगल्यावर एका सकाळी मी तांब्या भरला. मनी प्लांटला घातलं, पुदिन्याला घातलं, कोरफडीला काही विचारलं नाही. मग माठाशी आले. पिंपळ माझ्या कमरेएवढा झाला होता. मी कडेकडेनं धार सोडली आणि सवयीनं मान वाकवून खाली पाहिलं.

भोकाशी एक थेंब जमला. तो मोठा झाला, लोंबला आणि ताटलीत पडला. टप्. मग दुसरा पडला. मग धार लागली, मातकट, बारीक, कुठल्याही कुंडीतून येते तशी. ताटलीचा तळ भिजला.

मी तिथेच खाली बसले, तांब्याची धार माठात तशीच धरून. ताटली काठोकाठ भरली, पाणी काठावरून फरशीवर उतरलं, माझ्या साडीखाली गेलं. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि आमच्या उघड्या दारातून मालतीबाई ओरडल्या, "अगो संघमित्रा, पानी बग किती चाललंय! थांब की!"

तांब्यात अजून पाणी होतं. मी ते सगळं ओतून संपवलं.